उरलेला बोल्ट

बोल्ट सापडला तेव्हा सव्वानऊ वाजले होते. सायकली निघून तास उलटून गेला होता.

मिस्त्री ओटा पुसत होते. घराच्या तळमजल्यावर एका लांबट खोलीत त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. सकाळची गडबड संपली की हत्यारं आपापल्या खिळ्याला लावायची, ओटा पुसायचा आणि वर जाऊन दुसरा चहा घ्यायचा, हा तीस वर्षांचा क्रम. ओट्याच्या कोपऱ्यात लोहचुंबकाची एक उथळ वाटी असे. काम करताना काढलेले बोल्ट तिच्यात टाकायचे, म्हणजे घरंगळत नाहीत. आणि काम संपलं की वाटी रिकामी दिसली पाहिजे. लेक नऊ वर्षांची असताना दुकानात लुडबुडायला लागली, तेव्हा त्यांनी तिला शिकवलेली पहिली गोष्ट हीच.

फडकं वाटीवरून फिरलं आणि बोटांना काहीतरी लागलं. त्यांनी ते उचलून डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं, मग दारातल्या उजेडात गेले. बोटाच्या पेराएवढा काळा बोल्ट. त्याच्या आट्यांना लावलेला निळा गोंद अजून ओला होता. म्हणजे जुना, टाकून दिलेला नव्हता. काल संध्याकाळी बसवायला घेतलेला आणि बसवायचा राहिलेला.

तो पुढच्या ब्रेकचा होता. चाकाबरोबर फिरणाऱ्या पोलादी तबकडीला दोन्ही बाजूंनी धरणारा चिमटा असतो, कॅलिपर म्हणतात त्याला. तो दोन बोल्टांवर बसतो. एक नसला तरी सायकल चालते, ब्रेकही लागतो, अंगणात दोन चकरा मारल्या तर कुणाला पत्ताही लागणार नाही. पण लांब उतारावर सारखा ब्रेक दाबत गेलं की चिमटा उरलेल्या एका बोल्टाभोवती हलायला लागतो, आणि कधीतरी गर्रकन फिरून चाकाच्या तारांत घुसतो. चाक जागच्या जागी थांबतं. माणूस थांबत नाही.

मिस्त्रींनी फडकं खाली ठेवलं.

काल त्यांनी सहा सायकलींचे पुढचे ब्रेक काढून साफ केले होते. पाच दुकानाच्या, एक पाहुण्याची. यातली कुठली? ते डोळे मिटून आठवायला लागले. दुसरी सायकल झाली, तिसरी झाली, आणि मग वरच्या खिडकीतून बायकोनं विचारलं होतं, "अहो, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेला होतात ना? काय म्हणाले?"

ते गेलेच नव्हते. गेल्या आठवड्यातही नाही आणि त्याच्या आधीच्या महिन्यातही नाही. वर्षभर जवळचं सगळं धुरकट दिसत होतं, दुधाच्या काचेतून पाहिल्यासारखं. बोटांना कामाची सवय होती म्हणून भागत होतं. "ठीक आहे म्हणाले, थेंब दिलेत," असं त्यांनी ओरडून सांगितलं होतं. मग थेंब कुठले, किती वेळा, दाखवा बघू, अशी उलटतपासणी सुरू झाली. हातात बोल्ट धरून ते दहा मिनिटं खोटं रचत उभे होते. त्या दहा मिनिटांत हा बोल्ट पुन्हा वाटीत गेला. कुठल्या सायकलीचा, ते काही केल्या आठवेना.

त्यांनी लेकीला फोन लावला. लागला नाही. टेकडीच्या पहिल्या वळणापलीकडे फोन लागतच नसे, हे त्यांनाही ठाऊक होतं. तरी त्यांनी चार वेळा लावला.

लेकीला घरात बारकी म्हणत. आता ती बापापेक्षा चार बोटं उंच होती, एकतीस वर्षांची होती, तरी नाव तेच राहिलं होतं. पाहुण्यांना डोंगरी सायकलींवरून द्राक्षबागांमधून फिरवायचं, हा तिचा व्यवसाय; पाहुण्यांचे गट एक सहलीची कंपनी पाठवायची. गावामागून पायवाट टेकडीवर चढायची, बागांच्या कडेकडेनं चौदा किलोमीटर वळसे घेत माथ्यावरच्या वायनरीपाशी निघायची. तिथे पाहुणे तासभर थांबत, तळघर बघत, दोन-तीन घोट चाखत. मग अकराच्या सुमाराला पलीकडचा उतार सुरू व्हायचा. नऊ किलोमीटर, अठरा वळणं, आणि खाली नदी. नदीच्या काठावर सामानाची व्हॅन वाट बघत उभी असायची.

मिस्त्रींनी वायनरीला फोन लावला. नुसताच वाजत राहिला. व्हॅनच्या ड्रायव्हरला लावला, तो लागला.

"मी नदीवर पोचलोय," ड्रायव्हर म्हणाला. "पूल ओलांडून वर वायनरीला जायचं म्हणजे दोन तास लागतील. का हो, काय झालं?"

"काही नाही," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. मग स्वतःचाच राग आला. काही नाही काय?

त्यांनी बोल्ट आणि त्याची चावी खिशात टाकली, भिंतीवरून स्वतःची जुनी सायकल उतरवली, टायर दाबून पाहिले. वरून बायकोचा आवाज आला, "चहा गार होतोय!"

"आलोच," असं म्हणून ते निघाले.

*

वळशाच्या वाटेनं गेले असते तर ते दुपारपर्यंतही पोचले नसते. अठ्ठावन्न वय, गुडघ्यातून कटकट आवाज, आणि माथ्यापर्यंत शेवटचं सायकलनं गेल्याला दहा-अकरा वर्षं झालेली. पण एक सरळ वाट होती. टेकडीच्या पोटातून, सगळं गाव ज्यांना काकू म्हणे त्या बाईंच्या द्राक्षबागेतून वर जाणारी. बागेला फाटक होतं आणि फाटकाला कुलूप. दोन वर्षांपूर्वी कुठल्याशा सायकलवाल्यांनी वेलींच्या तारा तोडल्या, तेव्हापासून काकूंनी सायकल या वस्तूचं नाव टाकलं होतं.

पहिल्या चढालाच छाती भात्यासारखी हलायला लागली. ते उतरून सायकल ढकलत चालले, सपाट आलं की पुन्हा बसले. सगळा वेळ डोक्यात हिशेब. दोघी नर्स बहिणी, त्या सावकाश जाणाऱ्या. निवृत्त नवरा-बायको, त्यांतली बायको वजनानं भारी, उतारावर ब्रेक सोडणारच नाही. आणि बारकी. बारकी सगळ्यात पुढे असणार, आणि तिला भरधाव जाऊन वळणाच्या तोंडाशी कचकन ब्रेक लावायची खोड. तिची सायकल तिसरी होती की चौथी? तिसरी असली तर बोलणं सुरू व्हायच्या आधी झाली. चौथी असली तर... त्यांनी तो विचार तिथेच सोडला आणि पेडलवर जोर दिला.

फाटकाशी पोचले तेव्हा दहा वाजून गेले होते. तोडणी चालू होती. वेलींच्या रांगांमधून माणसं वाकून कात्रीनं घड कापत होती, क्रेट भरत होती, गांधीलमाशा घोंघावत होत्या. काकू फाटकाच्या आतच स्टुलावर बसून क्रेट मोजत होत्या. सत्तरीच्या पुढच्या, डोक्याला रुमाल, हातात खडू.

"काकू, फाटक उघडा."

काकूंनी आधी सायकलकडे पाहिलं, मग माणसाकडे. "मिस्त्री? तू? तुलाही शिंगं फुटली का या वयात?"

"वर जायचंय. घाईत आहे. उघडा ना."

"सगळे घाईतच असतात. पलीकडून जा."

"पलीकडून उशीर होईल."

"मग लवकर निघायचं होतं." त्यांनी पाटीवर एक रेघ मारली. "माझ्या तारा तोडल्या तेव्हा कुणी विचारायला आलं नाही."

मिस्त्रींनी फाटकाचे गज धरले. काहीतरी थाप मारता आली असती. कुणाचं औषध राहिलंय, कुणाचा निरोप आहे. थापा मारण्यात ते वर्षभरात चांगलेच तयार झाले होते. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"काकू, माझ्या हातून ब्रेकचा बोल्ट बसवायचा राहिलाय. सहा सायकलींपैकी एकीचा. कुठल्या, ते माहीत नाही. मला नीट दिसत नाही. कुणाला सांगितलेलं नाही. अकरा वाजता ते उतारावर निघतील. माझी पोरगीपण आहे त्यांच्यात."

हे सगळं ते एका दमात बोलले. पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले, आणि ऐकायला काकू होत्या, ज्यांच्याशी ते दोन वर्षांत धड बोलले नव्हते.

काकू उठल्या. कमरेच्या जुडग्यातून किल्ली काढून त्यांनी कुलपाला लावली. "मेल्या, हे आधी सांगायचं," त्या म्हणाल्या. "ए ट्रॅक्टरवाल्या! क्रेट राहू देत तिथंच. याला वरच्या बांधापर्यंत सोडून ये. सायकलसकट. आणि वाटेत कुणाशी गप्पा हाणत थांबू नकोस."

"वायनरीत कुणी फोन का उचलत नाही?" मिस्त्रींनी विचारलं.

"तोडणीच्या दिवसांत फोन कोण उचलतो? मी तरी उचलते का? चढ आधी ट्रॉलीत."

ट्रॅक्टर माणसाच्या पळण्याहून थोडा जोरात जात होता. मिस्त्री ट्रॉलीत सायकल धरून, चिकट क्रेटना टेकून बसले. पाय थांबले तसं मन जास्त पळायला लागलं. ट्रॅक्टरवाला मान वळवून सांगत होता, की यंदा गोडी चांगली उतरली आहे, पण उन्हानं खालच्या रांगा भाजल्या. मिस्त्री हो हो म्हणत होते. मध्येच एकदा त्यांनी घड्याळ बघण्यासाठी मनगट डोळ्यांजवळ नेलं, पण काटे दिसेनात. "किती वाजले?" त्यांनी विचारलं. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "झाले की साडेदहा." थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर ट्रॅक्टरवाल्यानं गोडीबद्दल बोलणं बंद केलं आणि गिअर बदलला.

*

वरच्या बांधापासून माथा दीड किलोमीटर होता. ते कसे चढले ते त्यांना नंतर सांगता आलं नाही. वायनरीचं अंगण आलं तेव्हा तिथे फक्त एक बाई होती, टेबलावरचे पेले गोळा करणारी.

"सायकलवाले?"

"आत्ताच गेले. हे काय, पाच मिनिटं झाली."

उताराच्या तोंडाशी एक सपाट खडक होता. बारकी तिथे सगळ्यांना थांबवून सूचना द्यायची: अंतर ठेवा, दोन्ही ब्रेक हळूहळू दाबा, वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात नाही. मिस्त्रींना लांबचं बरं दिसायचं. त्यांना खडकावर बारकीचं पिवळं हेल्मेट दिसलं आणि त्यांनी जीव खाऊन हाक मारली.

"बारके! थांब! कुणी निघू नका!"

बारकीनं वळून पाहिलं. बाप घामानं निथळत, सदऱ्याला द्राक्षांचे डाग, हात हलवत येतोय. "आईला काही झालं का?"

"नाही, नाही. ब्रेक." त्यांना पुढचं बोलता येईना. त्यांनी खिशातून बोल्ट काढून तळहातावर धरला.

तिनं एक नजर टाकली आणि तिला कळलं. तिनं बापाचा दंड धरला आणि त्यांना पाहुण्यांपासून चार पावलं बाजूला नेलं.

"बाबा, बसा आधी. सगळ्या नीट आहेत."

"तू कसं सांगतेस? एकीचा राहिलाय. काल बोलता बोलता..."

"सगळ्या नीट आहेत, कारण मी बघते." ती खाली बघत म्हणाली. "रोज सकाळी तुम्ही पहिल्या चहाला वर जाता ना, तेव्हा. प्रत्येक बोल्टला चावी लावून बघते. आजही बघितलं."

मिस्त्री खडकावर बसले. "रोज?"

"उन्हाळ्यापासून. तेव्हा एक हँडल सैल निघालं होतं. मग आणखी तीनदा काही ना काही."

"मला बोलली नाहीस."

"तुम्ही बोललात?"

वारा येत होता, घाम गार पडत होता. सुटलो, असं त्यांना वाटायला हवं होतं, आणि वाटतही होतं. पण त्याचबरोबर कुणीतरी भर रस्त्यात अंगावरचा सदरा काढून घेतल्यासारखं वाटत होतं. वर्षभर आपण लपवत होतो आणि उन्हाळ्यापासून पोरगी ते झाकत होती. त्यांनी बोल्ट बोटांत फिरवला. गोंद ओला होता. मग हा आला कुठून?

"किती सायकली बघितल्यास आज?"

"पाच. सगळ्या."

"काल मी सहा केल्या."

बारकीनं मान वर केली.

"डेंटिस्टची," ती म्हणाली.

पाचवा पाहुणा डेंटिस्ट होता, स्वतःची महागडी सायकल घेऊन आलेला. काल दुकानात येऊन म्हणाला होता, "ब्रेक करकरतोय, जरा बघता का?" ती सायकल रात्री त्यानं स्वतःच्या खोलीत नेली होती. बारकीच्या तपासणीत ती आलीच नाही.

मिस्त्रींनी खडकावरची माणसं मोजली. दोघी नर्स. नवरा-बायको. "तो कुठे आहे?"

"गेला पुढे," बारकीचा आवाज चिरकला. "म्हणाला, सूचना मला माहीत आहेत, खाली भेटतो. मी थांबवत होते, बाबा."

तिनं पाहुण्यांना ओरडून सांगितलं, "सायकली हातात धरून चालत या, कुणी बसू नका," आणि स्वतः सायकलवर झेप घेतली. मिस्त्री तिच्या मागे निघाले.

पहिलं वळण, दुसरं, तिसरं. दोन्ही बाजूंना पायऱ्या पायऱ्यांनी उतरत जाणाऱ्या द्राक्षबागा, मधे पांढऱ्या खड्यांची वाट, आणि खूप खाली नदीचा हिरवट पट्टा. बारकी पुढे दिसेनाशी झाली. मिस्त्रींना चाकासमोरचे खडे दिसत नव्हते. नुसता पांढरा धूर खालून वर येत होता. हँडलमधून येणाऱ्या धक्क्यांवरून ते अंदाज बांधत होते. प्रत्येक वळणापाशी कान टवकारत होते. काही ऐकू येत नव्हतं, आणि तेच जास्त भीतीचं होतं. सातव्या वळणावर मागचं चाक सरकलं, पाय टेकला म्हणून वाचले. आठ. नऊ. दहा.

अकराव्या वळणावर बारकीची सायकल वाटेत आडवी पडली होती.

*

डेंटिस्ट बागेच्या पहिल्या रांगेत बसला होता. वेलींच्या तारांनी त्याला झेललं होतं. तारा नसत्या तर तो खालच्या पायरीवर गेला असता, दोन पुरुष उंच भिंतीवरून. गालाला खरचटलं होतं, सदरा फाटला होता, आणि डावं मनगट भलत्याच कोनात वळलं होतं. तो उजव्या हातानं ते धरून बसला होता आणि तोंडानं श्वास घेत होता.

"खडी होती," तो बारकीला सांगत होता. "माझीच घाई. वळणात ब्रेक लावला. तुम्ही सांगत होतात ते ऐकायला हवं होतं."

त्याची सायकल पंधरा पावलं खाली, वेलींच्या पानांत उलटी पडली होती. तिच्याकडे अजून कुणी पाहिलं नव्हतं.

वरून नर्स बहिणींचे आवाज येत होते. सांगितलेलं न ऐकता दोघी सायकलवरूनच येत होत्या. बारकीनं बापाकडे पाहिलं. मग सायकलीकडे. ती हळूच म्हणाली, "बाबा, तुम्ही इथे बसा. सायकल मी बघून येते."

तिनं हात पुढे केला. तळहात वर.

मिस्त्रींना समजलं. बोल्ट त्यांच्या खिशात होता, चावीही होती. दोन मिनिटांचं काम. खडी होतीच, घाईही होतीच, माणूस स्वतःच्या तोंडानं सांगत होता. पुन्हा कुणी विचारलंही नसतं. त्यांचा हात खिशात गेला. बोटांना तो बारीकसा लोखंडी तुकडा लागला. त्यांना वाटलं, देऊन टाकावा. पोरीचं नाव आहे यात, तिचा धंदा आहे. माझं काय, मी उद्यापासून घरी बसेन.

ते उठून खाली गेले, सायकल उचलली आणि वर घेऊन आले. पुढच्या चाकाच्या चार तारा तुटल्या होत्या. कॅलिपर एका बोल्टावर लोंबकळत होता. त्यांनी सायकल डेंटिस्टच्या समोर उभी केली.

"घाई नव्हती," ते म्हणाले. "म्हणजे असेल, पण पडलात ते त्यामुळे नाही. इथे दोन बोल्ट हवेत. दुसरा हा. काल माझ्याकडून राहिला. मला जवळचं दिसत नाही, वर्षभर दिसत नाही, तरी मी काम करत होतो. हिचा यात काही दोष नाही."

डेंटिस्टनं आधी बोल्टकडे पाहिलं, मग चाकाकडे. तो म्हणाला, "माझे हात म्हणजे माझं काम आहे. तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय."

"माझ्याशी बोलू नका आता."

नर्स बहिणी पोचल्या. थोरलीनं मनगट पाहिलं आणि बोटं हलवून दाखवायला सांगितली. धाकटीनं स्वतःच्या सायकलचा हवेचा पंप आणि गळ्यातला रुमाल घेऊन हात बांधला. "बोटं हलताहेत, रंग चांगला आहे," थोरली म्हणाली. "चला, चालता येतंय ना?" मागून नवरा-बायकोही पोचले; बाकीच्या सायकली बांधाला टेकवून राहिलेली वाट सगळे चालत उतरले. डेंटिस्ट मधे, नर्स दोन बाजूंना, नवरा-बायको त्याचं सामान घेऊन, बारकी दोन सायकली ढकलत. मिस्त्री सगळ्यात मागे, मोडकी सायकल खांद्यावर घेऊन.

*

नदीकाठच्या गावात दुमजली दवाखाना होता. डेंटिस्टला आत नेलं. फरशी पुसलेल्या लांब बोळात बाक होता, त्यावर बाप-लेक बसले. समोर भिंतीवर दृष्टी तपासायचा तक्ता होता. मिस्त्रींनी तो वरपासून खालपर्यंत वाचला. लांबून सगळी अक्षरं दिसत होती.

बारकी बोलली ती त्यांच्याकडे न बघता. "मी तुम्हाला सांगायला हवं होतं. पहिलं हँडल सैल निघालं त्याच दिवशी. मला वाटलं, बाबांना वाईट वाटेल. मग वाटलं, मी आहे ना, मी बघेन. मी बघतेय म्हणजे झालं. पाचच बघितल्या, बाबा. सहावी माझ्या समोरून गेली."

"तुझी चूक नाही ती."

"आहे. अर्धी आहे." तिनं बाहीनं नाक पुसलं, लहानपणी पुसायची तसं. "आणि मगाशी मी हात पुढे केला. तेही मीच केलं."

मिस्त्रींनी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं तो झटकला नाही, पण टेकलीही नाही.

अर्ध्या तासानं डेंटिस्ट बाहेर आला. कोपरापर्यंत पांढरं प्लास्टर, गळ्यात झोळी. हाड एका जागी मोडलं होतं, सरळ बसलं होतं. तो बाकाशी येऊन उभा राहिला. मिस्त्री उठले.

"बायकोला फोन करायचाय," तो म्हणाला. "ती निघताना म्हणाली होती, जाऊ नकोस. आता मी काय सांगू तिला?"

मिस्त्री गप्प राहिले. बोलू नका, असं बजावलेलं होतं.

डेंटिस्टनं उजव्या हाताच्या अंगठ्यानं फोन लावला आणि तो त्यांच्यापुढे धरला. "तुमची चूक आहे ना? मग तुम्हीच सांगा."

मिस्त्रींनी फोन कानाला लावला. पलीकडे घंटी वाजली. दोनदा. तिसऱ्यांदा.

"पोचलास का खाली?" बाईचा आवाज आला.

"मी सायकल मिस्त्री बोलतोय," ते म्हणाले, आणि त्यांनी सगळं सांगितलं. बोल्ट, डोळे, वळण, मनगट. काही गाळलं नाही.

"डावं ना?" तिनं विचारलं.

"हो, डावं."

"तो काय करतोय?"

मिस्त्रींनी पाहिलं. "माझ्याकडे बघताहेत. चिडलेत खूप. माझ्याशी बोलायला तयार नाहीत."

"मग बरा आहे तो," ती म्हणाली. पण तिचा आवाज हलला. "द्या त्याला."

*

डेंटिस्टनं सहलीच्या कंपनीकडे रीतसर तक्रार केली. त्यात त्यानं मिस्त्रींचं म्हणणं शब्दशः लिहिलं होतं, आणि चूक त्यांनी आपणहून सांगितली, हेही लिहिलं होतं. कंपनीनं त्या मोसमात बारकीला एकही गट दिला नाही. तिनं तो काळ दुकानात काढला. दाराशी एक फळा लावला; प्रत्येक सायकलवर दोघांच्या सह्या झाल्याशिवाय ती दाराबाहेर जाणार नाही, मग ती कुणाचीही असो. आठव्या आठवड्यात डेंटिस्टचा फोन आला. प्लास्टर निघालं होतं, पकड थोडी कमी होती, रोज चेंडू दाबायला सांगितलं होतं. हे सांगून त्यानं फोन ठेवला. का केला होता, ते सांगितलं नाही.

मिस्त्रींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. उजव्याचं ऑपरेशन आधी झालं. खरं कळल्यावर बायको दोन दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती. तिसऱ्या दिवशी बोलायला लागली, तेव्हा दोन दिवस किती सुखाचे होते ते त्यांना कळलं. थेंब ती स्वतः घालत असे, दिवसातून चार वेळा, घड्याळ लावून.

डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर ते एकदा टेकडीवर गेले, चालत. काकू बागेत छाटणीला बसल्या होत्या. फाटक बंद होतं, पण कुलूप नुसतंच अडकवलेलं होतं.

"काय रे, दिसतं का आता?" काकूंनी विचारलं.

"दिसतं."

"मग त्या वरच्या तारा बघ जरा, ताणायच्या राहिल्यात," असं म्हणून त्यांनी पक्कड त्यांच्या हातात दिली. मिस्त्री घाबरत घाबरत पहिल्या खांबापाशी गेले, तार बोटांत धरली, मान वाकवून नीट पाहिली आणि पिळायला लागले. एक पीळ दिला की थांबायचे, तपासायचे, मग दुसरा. एका रांगेला त्यांना पाऊण तास लागला, आणि काकूंनी त्यांना एकदाही हटकलं नाही.